नावेचा धुरा

बापूराव निखाडे गेल्यावर गावच्या चौकात फ्लेक्स लागला. काळा चष्मा घातलेले बापूराव, मागे कुठल्या तरी परदेशी समुद्राचा फोटो आणि वर ठळक लाल अक्षरांत ‘जलयोद्धा’. मी भेटायला म्हणून नेरडीगोंड्याहून आलो होतो. गाडी बाजूला लावून तो फ्लेक्स दोनदा वाचला. घरी त्यांच्या पत्नी, शांताबाई वहिनी, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना फ्लेक्सचं सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘पाह्यला म्या. कोन हाय तो चष्मेवाला?’’

बापूराव जन्मभर पाण्याशी भांडले, यात काही खोटं नाही. पण त्या भांडणात बहुतेक वेळा पाण्याचं बरोबर होतं आणि बापूरावांचं चूक, हे फ्लेक्सवर छापत नाहीत. माणूस गेला की चार चांगले शब्द बोलायची रीत आहे. मी त्या गावात शाळामास्तर असताना कितीतरी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, त्यामुळे मला ती रीत पाळणं अवघड जातं.

बापूराव पाटबंधारे खात्यात वर्क इन्स्पेक्टर होते. उटनूरपासून नार्नूरपर्यंतच्या आमच्या तेलुगू-मराठी टापूत मातीचे जे बंधारे आणि तलाव आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी त्यांनी उभं राहून माती दाबून घेतली होती. आपल्या हाताखालचा एकही बंधारा कधी पाझरला नाही, असं ते सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. ‘‘थेंब नाई गेला पायजे,’’ हे त्यांचं पालुपद. बशीत सांडलेला चहा पिताना तेच आणि देवळात अभिषेक चालू असतानाही तेच. कुणाच्या घरी गेले की आधी मान वर करून स्लॅब न्याहाळायचे, मग खुर्चीवर बसायचे. पाझराचा डाग दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. नाही दिसला तर दोन घोट पाणी पिऊन उठायचे.

नळाची तर त्यांनी दैना करून टाकली होती. ते आमच्याकडे हात धुवून गेले की मागाहून वॉशर बदलावा लागे, इतक्या ताकदीनं ते नळ पिळत. शेवटी माझी बायको ते येताना दिसले की आधीच बादली भरून बाहेर ठेवायला लागली. आमच्या गल्लीतला एकही नळ त्यांच्या हातून सुटला नव्हता, आणि आमच्या गल्लीतला एकही नळ गळल्यावाचून राहिला नव्हता. हे मी त्यांना एकदा दाखवून दिलं.

‘‘पहिलेच गळत असंन, गुरुजी,’’ ते म्हणाले. ‘‘म्हनून तं पिळला मी.’’



स्वतःच्या घराच्या गच्चीला त्यांनी कंबरेइतका कठडा बांधला होता. पाणी जायला पाइप ठेवला होता, पण तो तळापासून वीतभर वर. म्हणजे गच्चीवर वीतभर पाणी साचल्याशिवाय त्या पाइपला काही काम नव्हतं. पावसाळ्यात आमच्या डोक्याजवळ बेडूक ओरडायचे. खाली स्वयंपाकघरात स्लॅबमधून टपटप सुरू झाली, तेव्हा वहिनींनी शेगडीच्या वर नायलॉनच्या दोरीनं एक जुनी छत्री उलटी टांगली आणि तिच्याखाली भाकरी थापायला लागल्या. बापूराव त्या छत्रीखालून वाकून स्वयंपाकघरात ये-जा करत आणि सिमेंटला शिव्या घालत. पाइप खाली घेऊ या, असं मी सुचवलं. ‘‘पाइप बरोबर हाय,’’ ते म्हणाले, ‘‘शिमिटच बेइमान निंगालं.’’

शेतातही तोच प्रकार. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. त्यांचा धुरा आजूबाजूच्या सगळ्या धुऱ्यांच्या वर डोकं काढून उभा. काळी माती मुळातच पाणी धरून ठेवणारी, त्यात कापूस. मुळाशी पाणी साचलं की कापूस पिवळा पडतो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शेजाऱ्यांची हिरवी तासं, म्हणजे कापसाच्या ओळी, आणि यांची पिवळी, रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा कळायचं बापूरावांचं शेत कुठे सुरू होतं ते. बापूराव मात्र धुऱ्यावर हात मागे बांधून उभे राहात आणि पाणी कसं अडलंय ते दाखवत. कापसाकडे ते बोट करत नसत.

खरं सांगायचं तर हा रोग एकट्या त्यांचाच नव्हता. आम्ही सगळीच धुऱ्यावर वाढलेली माणसं. कुठेही कडा दिसली की तिला माती लावून उंच करायची, ही आमच्या हाताची सवय. पण बाकीच्यांना ती सवय शेतात ठेवून घरी येता येतं, एवढाच काय तो फरक.

त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे आमचा प्रकल्प. गावाच्या खालच्या अंगाला नाल्यावर घातलेली मातीची लांबलचक भिंत आणि तिच्यामागे पसरलेलं पाणी. ती भिंत हा बापूरावांचा अभिमान होता, आणि तिच्यामागच्या पाण्याखाली शांताबाई वहिनींच्या माहेरची वाट गेली होती. लग्नानंतर त्या नाला ओलांडून पायी माहेरी जात. पाणी चढल्यावर समोरच्या काठावरचं ते गाव गच्चीवरून स्पष्ट दिसायचं, पण जायचं तर दोन गाड्या बदलून अख्ख्या डोंगराला वळसा घालावा लागे.

‘‘माह्या माहेरची वाट यायनंच बुडवली, गुरुजी,’’ असं त्या माझ्यासमोर, पाहुण्यांसमोर, अगदी नवऱ्याच्या हातात चहा देता देता म्हणत. बापूराव ऐकून घेत आणि बशी निपटून ठेवत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते त्या घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखंच झालं होतं.

मग वहिनी अंगणात पडल्या आणि खुब्यात सळई बसली. गाडीचे धक्के अजिबात नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं. तिकडे पलीकडच्या काठावर त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. भावंडांत या दोघीच उरलेल्या. दोघी फोनवर बोलत तेव्हा दोघींनाही कमी ऐकू येत असल्यानं सगळ्या गल्लीला त्यांचं बोलणं कळायचं. अक्काला एकदा डोळ्यांनी पाहून यावं, एवढंच वहिनींना हवं होतं. पाण्यावरून जायचं तर आमच्याकडे भोई थर्माकोलच्या तराफ्यावर मासे धरतात, त्यावर एक माणूस उकिडवा बसतो. सळई घातलेल्या बाईला ते कसं जमणार?

त्याच सुमारास बापूराव पेन्शनच्या कामानं हैदराबादला गेले, आणि बसच्या खिडकीतून त्यांना तिथल्या तलावात शिडाच्या होड्या दिसल्या. परत आले ते जाहीर करतच. ‘‘मी जहाज बांधून राह्यलो,’’ ते म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

अंगणात टिनाचं छप्पर टाकून त्यांनी उटनूरहून एक सुतार आणवला. प्लायच्या फळ्या, त्यांवर रेझिनचा लेप, सागाची डोलकाठी. मोबाइलवर ते नाव बांधायचे इंग्रजी व्हिडिओ आवाज बंद करून पाहात. भाषा समजत नाही पण लाकूड समजतं, असं त्यांचं म्हणणं. शिडासाठी त्यांनी कापसाच्या गंजीवर टाकतात ती पिवळी ताडपत्री शिंप्याकडून शिवून घेतली. शेवटी नाव तरंगली, हे मला मान्य करावं लागेल, पण त्याचं श्रेय मी सुताराला देतो. पहिल्याच फेरीत बापूराव वाऱ्यानं ढकलले जाऊन भोयांच्या जाळ्यात अडकले आणि त्यांनी तेलुगूत शिव्या खाल्ल्या. हळूहळू त्यांना शीड कळलं, सुकाणूही कळलं. कळलं नाही ते फक्त पाणी.

नावेच्या वरच्या भागाला, म्हणजे डेकला, मध्ये उंचवटा आणि कडेला उतार असतो. पावसाचं किंवा उडालेलं पाणी आपसूक कडेला जातं आणि खाली सांडतं. सुतारानं तसाच उतार काढला होता. बापूरावांनी तो उतार पाहिला, कडा पाहिली, आणि दुसरं काही सुचण्याआधी त्यांचा हात चालला. सुतार गेल्यावर त्यांनी डेकच्या सगळ्या कडेनं चार बोटं उंचीची लाकडी पट्टी ठोकली आणि रेझिननं सांधून टाकली. कुठेही खंड नाही. नावेला धुरा घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

व्हायचं तेच झालं. जे पाणी खाली जायचं ते आता चारी कडांनी साचून राहू लागलं. पाऊस आला की धुऱ्याच्या आतल्या बाजूला लांब डबकं. हिवाळ्यात दवाचं, एरवी शिंतोड्यांचं. बापूराव सकाळ-संध्याकाळ घाटावर जात, वहिनींच्या जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन उकिडवे बसत, कडेनं सरकत सरकत पाणी टिपत आणि बादलीत पिळत. बरं, ती बादली तिथेच प्रकल्पात ओतावी की नाही? नाही. ते ती वर नेऊन काठावरच्या कडुनिंबाला घालत. समोर कोसभर पसरलेलं पाणी, आणि हा माणूस बादलीभर पाणी वाया जाऊ नये म्हणून चढण चढतोय.

मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘बापूराव, या पट्टीला बुडाशी चार भोकं पाडा. पाणी आपोआप जाईल.’’

त्यांनी फडकं पिळता पिळता माझ्याकडे पाहिलं. ‘‘नावेले भोक पाडू? शाळेत हेच शिकवता काय पोराईले?’’

‘‘भोक नावेला नाही हो, धुऱ्याला.’’

‘‘धुरा कोनाचा हाय? नावेचाच ना?’’

‘‘तुम्ही बांधलेल्या एकेका तलावाला अलुगू ठेवलाय की नाही?’’ मी विचारलं. अलुगू म्हणजे सांडवा. खात्यात सगळे हाच तेलुगू शब्द वापरतात. जास्तीचं पाणी जायला जागा ठेवली नाही तर भिंत फुटते, हे याच माणसानं मला बारा वेळा ऐकवलं होतं.

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मला वाटलं, आता डोक्यात प्रकाश पडला. ‘‘अलुगू तलावाले असते,’’ ते म्हणाले. ‘‘तलाव लोकाईचा. हे घरचं हाय.’’

मी परत फिरलो. चार पावलं गेल्यावर मागून त्यांचा आवाज आला. ‘‘तिचा पाय सरकला तं हे लाकूड अडवते. म्हनून हाय धुरा.’’ बायकोविषयी त्यांनी माझ्याशी कधी काढलेलं एवढंच एक वाक्य. त्यानं मला काहीतरी वाटायला हवं होतं. मला फक्त चीड आली. धुऱ्याला बोटभर भोक पाडलं असतं तर वहिनींचा पाय काय त्यातून निसटून जाणार होता?

यातली खरी गोष्ट पुढेच आहे. बापूराव वहिनींना ओल्या डेकवर बसवायला तयार नव्हते. डेक कोरडा झाला की नेतो, म्हणत. पावसाळाभर डेक ओला. थंडीत सकाळचा ओला, आणि तो पुसून वाळेपर्यंत वारा पडायचा. उन्हाळ्यात डेक ठणठणीत कोरडा, पण पाणी इतकं ओसरलेलं की नाव चिखलात बसलेली. स्वतः ते एकटे कितीदा तरी पलीकडे जाऊन आले. मेहुणीपाशी बसून चहा घेऊन यायचे आणि वहिनींना सांगायचे, ‘‘बरी हाय अक्का.’’

‘‘तुमी काऊन जाता?’’ वहिनी म्हणायच्या. ‘‘बहीण माही हाय.’’

त्यांनी माहेरी न्यायची पिशवी भरून दाराआड ठेवली होती. अक्काला नेसायला मऊ लुगडं आणि घरचे सांडगे. सांडगे जुने झाले की त्या काढून खात आणि नवे भरत. भिंतीवरून मला म्हणत, ‘‘सुर्व्या एका जागी थांबला तं डेक वाळंन, गुरुजी. तवा नेतीन मले.’’

पोळ्याच्या आधीच्या झडीत पलीकडून फोन आला. अक्काची वाचा गेली होती. वहिनी काठी टेकत स्वतःच घाटावर निघाल्या, पिशवी खांद्याला. दोर धरायला म्हणून मला बोलावलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा बापूराव उकिडवे बसून कड पुसत होते, आणि वरून पाऊस ती पुन्हा भरत होता.

‘‘थांब,’’ ते म्हणाले. ‘‘पुसून राह्यलो ना.’’

‘‘पुसू नका आता,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘चला.’’

त्यांनी चांगला पाय उचलून धुऱ्याच्या आत, कडेवर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. वर्षभर पाणी पिऊन आतल्या आत कुजलेला प्लाय भिजलेल्या भाकरीसारखा फाटला. पाय पोटरीपर्यंत आत गेला. आम्ही दोघांनी त्यांना धरलं, वर काढलं. खरचटण्यापलीकडे त्यांना लागलं नाही, पण धुऱ्यासकट हातभर कड सुटून लोंबायला लागली. धुरा मात्र अखंड होता. त्याला कुठे चीर गेली नव्हती.

जीप आणली. मागच्या सीटवर गादी अंथरून वहिनींना निजवलं आणि डोंगराला वळसा घालून निघालो. प्रत्येक खड्ड्याला त्या दात आवळत, तोंडातून आवाज काढत नव्हत्या. बापूराव त्यांचा पाय मांडीवर धरून बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्का दुपारीच गेली होती.

मी त्या अंगणात बापूरावांना बाजूला घेऊन तोंडावर मूर्ख म्हणालो. वयानं वडील माणूस, पण म्हणालो, आणि आजही तो शब्द परत घेत नाही. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर भिंतीपलीकडून वहिनींचं ते वाक्य ऐकू येईनासं झालं. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. पाहुणे आले तरी माहेरच्या वाटेचा विषय निघत नसे. इतकी वर्षं ज्या वाक्याला मी कंटाळलो होतो, ते कानावर पडावं म्हणून मी भिंतीशी रेंगाळायला लागलो. बापूरावही बशी हातात धरून तसेच बसून राहात. माझ्याकडे आले तरी स्लॅबकडे मान वर करत नसत. एकदा आमचा नळ त्यांनी अर्धवट बंद केला आणि तसेच निघून गेले.

हिवाळ्यात त्यांनी नाव काठावर ओढली. कुजलेली कड कापून काढली, नवा प्लाय बसवला. धुरा पुन्हा घातलाच, तो सुटायचा नव्हता. पण या वेळी ते मला विचारायला आले. ‘‘भोकं किती ठेवू, गुरुजी?’’

‘‘भरपूर ठेवा,’’ मी रागानं म्हणालो.

त्यांनी ते शब्दशः घेतलं. सळई तापवून धुऱ्याच्या बुडाशी इतकी भोकं पाडली की तो फणीसारखा दिसायला लागला. त्याच झटक्यात गच्चीवरचा पाइपही काढून तळाशी बसवला. अडवायचं तर सगळं आणि सोडायचं तर सगळं, यांच्या अधेमधे काही असतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

अक्काच्या वर्षश्राद्धाला तीच झड लागली होती. माझ्या बदलीचा हुकूम आला होता. त्या आठवड्यात मी गाव सोडणार होतो, तेव्हा बापूरावांना मी पाहिलं ते हे शेवटचं. दोर सोडायला म्हणून मी घाटावर उभा होतो. वहिनी डेकवर गादीवर बसल्या होत्या, डोक्यावर छत्री, मांडीवर तीच पिशवी, दोन्ही पाय लांब करून धुऱ्याला टेकवलेले. अंग भिजत होतं, पण आज कुणी डेक वाळायची वाट पाहात नव्हतं. बापूरावांनी मात्र सवयीनं ते फडकं काढलं आणि कडेशी उकिडवे बसून पाणी टिपायला लागले. फडकं पोचायच्या आधीच पाणी भोकातून निघून जात होतं. ते पुढे सरकले, तिथलंही गेलं. तरी ते फडकं टेकवत होते.

वहिनी बघत होत्या. ‘‘राहू द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जाते ते आपल्यानं.’’

बापूराव तसेच उकिडवे बसून राहिले, फडकं हातात. मी वाकून दोराची गाठ सोडली. वहिनींनी छत्री जरा मागे कलवली आणि माझ्याकडे पाहात, पूर्वीच्याच आवाजात म्हणाल्या, ‘‘माह्या माहेरची वाट यायनंच बुडवली, गुरुजी.’’

बापूरावांनी मान वर केली. एका वर्षानं ऐकत होते.  उठले आणि शिडाचा दोर इतक्या जोरात ओढला की पिवळी ताडपत्री फडफडत वर गेली. नाव काठापासून सुटली आणि एका अंगाला कलली. धुऱ्याच्या भोकाभोकातून पाणी गळत होतं, आणि बापूराव ते गळू देत होते.